द्राक्षं खुडली गेली, आणि सिनेमात कोण काय करतं ते कळलं

नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत आमचं मराठी सिनेमाचं शूटिंग चालू होतं. मी सेकंड असिस्टंट डायरेक्टर होते, म्हणजे कपडे, प्रॉपर्टी (सीनमधलं सामान) आणि कंटिन्युइटी (आधीच्या शॉटमध्ये जे जसं होतं ते पुढच्या शॉटमध्ये तसंच दिसेल हे बघणं) माझ्या गळ्यात. बाप आणि मुलगी बागेत बोलतात असा सीन होता. बापाच्या बाजूचे शॉट शुक्रवारी झाले, तोवर उजेड गेला. मधले दिवस वाड्यातलं काम लावलेलं, म्हणून मुलीची बाजू पुढच्या गुरुवारी घ्यायचं ठरलं. गुरुवारी सकाळी सहाला बागेत पोचलो तर वेलींवर एक घड नाही. बुधवारी व्यापारी आला, भाव पटला, माल खुडून पिकअपमध्ये भरून गेलासुद्धा. बागवाले दादा अगदी साधेपणाने म्हणाले, "अहो, तुमचं शूटिंग तर शुक्रवारीच उरकलं ना?"

साठ माणसांचं युनिट. जनरेटर सुरू झालेला, पोह्यांचं पातेलं उतरलेलं, हिरॉइन मेकअप करून तयार. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मी फर्स्ट असिस्टंटकडे पाहिलं, त्याने प्रॉडक्शन मॅनेजरकडे पाहिलं, आणि प्रॉडक्शन मॅनेजरने बांधावर जाऊन निर्मात्याला फोन लावला. या नजरांच्या साखळीत सगळा व्यवसाय आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात मैत्रिणीची मुलगी घरी आली होती. बारावी झालीय. म्हणाली, "मावशी, मला डायरेक्शनला जायचंय. नाहीतर मग प्रॉडक्शनला." तिच्या त्या 'नाहीतर'वर मी अडले. इंजिनिअरिंगला नाही मिळालं तर डिप्लोमाला जाऊ, अशा सुरातलं ते 'नाहीतर' होतं. ही दोन कामं एकमेकांची धाकटी-थोरली भावंडं नाहीत. एकाचं डोकं पडद्याकडे असतं, दुसऱ्याचं कागदाकडे, आणि दोघांनाही एकमेकांचं काम थोडं तरी समजत नसेल तर सिनेमाची बाग मधेच खुडली जाते.

आधी दिग्दर्शक. लोकांना वाटतं तो 'ॲक्शन' म्हणतो. (आमच्याकडे बहुतेक वेळा ते फर्स्ट असिस्टंटच ओरडतो.) दिग्दर्शकाचं खरं काम म्हणजे दिवसभर प्रश्नांची उत्तरं देणं. साडी ही की ती? बाप खोकत बोलेल की बोलून खोकेल? कॅमेरा वेलीच्या या बाजूला की त्या? पाऊस येतोय, थांबायचं की पुढचा शॉट आधी घ्यायचा? असे शंभर-दोनशे निर्णय रोज, आणि प्रत्येकाच्या मागे एकच कसोटी: तीन महिन्यांनी एडिटिंगच्या टेबलावर हे तुकडे जोडले की गोष्ट उभी राहील का? सिनेमा कथेच्या क्रमाने शूट होत नाही, जागेच्या आणि तारखांच्या क्रमाने होतो. बाप मेल्यानंतरचं रडणं दुसऱ्या दिवशी आणि बाप-लेकीचं पहिलं भांडण विसाव्या दिवशी, हे नेहमीचं आहे. कुठल्या सीनला मुलगी किती तुटलेली आहे याचा नकाशा दिग्दर्शकाच्या डोक्यात पक्का हवा. तो नसेल तर नट आपापल्या अंदाजाने रडतात, आणि ते पडद्यावर लगेच दिसतं.

त्या गुरुवारी आमच्या दिग्दर्शकापुढे तीन वाटा होत्या. शुक्रवारचं काम फेकून दुसऱ्या भरलेल्या बागेत सगळा सीन नव्याने घेणं. सीन बदलून मुलीची बाजू घराच्या ओट्यावर नेणं. किंवा फ्रेम इतकी जवळ आणणं, की मागे दोनच वेली दिसतील, आणि त्या दोन वेलींचं काहीतरी करणं. त्याने पाच मिनिटं बांधावर उकिडवं बसून विचार केला आणि तिसरी वाट धरली. प्रॉडक्शनचा एक मुलगा मोटारसायकलवर जवळच्या पॅकिंग शेडला पिटाळला. तो खेपा घालून बारा क्रेट द्राक्षं घेऊन आला, आणि आम्ही चौघांनी हिरव्या दोऱ्याने एकेक घड वेलीला बांधला. माझी नखं दोन दिवस चिकट होती. सीन झाला, बरा झाला. पुढे अकाउंटंटने व्हाउचर हातात धरून विचारलं, "द्राक्षं, बारा क्रेट? युनिट एवढी द्राक्षं खातं?"

आता असिस्टंट. डायरेक्शन टीममध्ये फर्स्ट असिस्टंट म्हणजे सेटचा मुकादम. पटकथेचं ब्रेकडाउन करणं, म्हणजे प्रत्येक सीनला कोण नट, कुठली जागा, कुठली वेळ, काय सामान लागेल ते फोडून लिहिणं, हे त्याचं काम. त्यावरून शेड्यूल, आणि शेड्यूलवरून रोज रात्री निघणारी कॉल शीट, म्हणजे उद्या कोणी किती वाजता कुठे यायचं त्याचा कागद. सेकंड आणि थर्डकडे कपडे, प्रॉपर्टी, कंटिन्युइटी, क्लॅप, नटांना व्हॅनिटी व्हॅनमधून वेळेवर आणणं. बागेच्या घोळात माझी चूक उघड होती. कंटिन्युइटीच्या वहीत मी बापाच्या शर्टाचं किती बटण उघडं होतं ते लिहिलं होतं, घड लिहिले नव्हते. घड म्हणजे माझ्या लेखी निसर्ग होता. सिनेमात निसर्गही प्रॉपर्टीच असतो आणि त्याला मालक असतो, हे मला त्या दिवशी समजलं. निफाड-दिंडोरीत जन्म काढलेल्या पोरीला मार्चमधली बाग आठवडाभर तशीच उभी राहील असं वाटावं, याची लाज अजून वाटते.

प्रॉडक्शन मॅनेजरची चूक वेगळी होती. त्याने बागेचं भाडं दोन दिवसांचं ठरवलं होतं, पण मधल्या पाच दिवसांत अमुक दोन ओळींचा माल खुडायचा नाही, त्याचे पैसे आम्ही देऊ, असं कागदावर घेतलं नव्हतं. खर्च किरकोळ झाला असता. प्रॉडक्शनचं सगळं काम असंच असतं. जे होऊ नये, त्यासाठी आधी दिलेले थोडे पैसे.

आणि निर्माता? निर्माता म्हणजे पैसेवाला माणूस, हा आपल्याकडचा घट्ट समज. बिल्डर आहे, बागायतदार आहे, मुलाला हिरो करायचंय, काढला सिनेमा. असे असतात, मी त्यांच्याकडे काम केलंय. पण पैसे लावणारा तो फायनान्सर. निर्माता म्हणजे गोष्ट निवडण्यापासून सिनेमा शेवटच्या माणसाला विकण्यापर्यंतची जबाबदारी आणि जोखीम अंगावर घेणारा. कायद्यातली एक गोष्ट सांगितली की बहुतेकांचे डोळे मोठे होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' निर्माता आहे, दिग्दर्शक नाही. हक्क निर्मात्याचे, आणि ते प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतात. दिग्दर्शकाला करारात जे लिहून मिळेल तेवढंच. म्हणून नवा दिग्दर्शक 'आधी काम करू, करार नंतर बघू' म्हणतो तेव्हा मला त्याची काळजी वाटते.

निर्मात्याच्या टेबलावर कागद किती असतात ते बघा. कथा दुसऱ्याची असेल तर तिचे हक्क लेखी. लेखकाशी करार, संगीतकाराशी, गीतकाराशी, नटांशी. सिनेमाच्या नावाची नोंदणी. शूटिंगच्या परवानग्या: गोदाघाटावर करायचं तर महापालिका आणि पोलीस, देवळात करायचं तर विश्वस्त. सीनमध्ये प्राणी असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी, तीही शूटिंगच्या आधी. हा धडा मी स्वतः खर्चून शिकले आहे. एका लघुपटात मागून एक बैलगाडी छान डुलत गेली, दिग्दर्शक खूश, मीही खूश. सेन्सॉरच्या वेळी परवानगीचा कागद मागितला आणि तो शॉट कापावा लागला. त्यानंतर प्रमाणपत्र. २०२३ च्या दुरुस्तीपासून यूए प्रमाणपत्राचे (लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचा सिनेमा) ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झालेत, त्यामुळे कुठली शिवी ठेवायची आणि कुठली गाळायची हा प्रश्न आता पैशाचाही झाला आहे.

पैशाचंच घ्या. मी त्या मुलीला पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. समजा तिकीट १५० रुपयांचं. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला, तो वजा केला की १२७ उरतात. पहिल्या आठवड्यात त्यातला साधारण अर्धा वाटा थिएटरवाल्याचा, उरले साडेत्रेसष्ट. वितरकाचं कमिशन समजा १५ टक्के. निर्मात्याच्या हातात आले ५४ रुपये. आता सिनेमा दीड कोटीत झाला आणि पोस्टर, ट्रेलर, जाहिरात यावर पन्नास लाख गेले असं धरू. दोन कोटी भागिले ५४. नुसतं मुद्दल सुटायला सुमारे ३ लाख ७० हजार माणसांनी तिकीट काढलं पाहिजे. पुढच्या आठवड्यांत थिएटरचा वाटा वाढत जातो, म्हणजे आकडा अजून वर. ती म्हणाली, "पण कॉलेज रोडला तर सगळे सिनेमाला जातात." हो, जातात. पॉपकॉर्न घेतात. त्यातलं निर्मात्याला काही मिळत नाही.

म्हणून निर्माता थिएटरवर एकटा विसंबत नाही. टीव्हीवर दाखवण्याचे हक्क, ओटीटीचे, संगीताचे, डबिंगचे, रिमेकचे, असे हक्कांचे तुकडे करून तो विकतो. मराठी सिनेमाला राज्य सरकारचं अनुदान आहे, समिती सिनेमा बघून दर्जा ठरवते आणि त्याप्रमाणे रक्कम मिळते. पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर. अनुदानाच्या भरवशावर शूटिंग सुरू करणारा माणूस मला भेटला की मी हळूच विषय बदलते.

नाशिककरांना हे सगळं नवं वाटायला नको होतं. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशिकलाच गेले. आपण त्यांचं नाव स्मारकाला दिलं, पांडवलेणीच्या पायथ्याशी सहली नेल्या, आणि त्यांनी केलं काय ते मात्र 'पहिला सिनेमा काढला' एवढ्यावर सोडून दिलं. त्यांचा निर्माता म्हणून हिशेब बघण्यासारखा आहे. सिनेमा काढायचा होता, पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर एका मिनिटात कोंब फुटून वेल वर चढताना दिसला, आणि पैसे लावणाऱ्याची खात्री पटली. आज पिचिंग (पैसे लावणाऱ्याला सिनेमा पटवून देणं) म्हणून जे शिकवतात ते याहून वेगळं काय आहे? विम्याच्या पॉलिस्या गहाण गेल्या, पत्नीचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

यातली माझी आवडती व्यक्ती म्हणजे त्यांची पत्नी सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत, फिल्मला भोकं पाडत, रसायनं मिसळत, आणि उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत, कारण तोच रिफ्लेक्टर. लाइन प्रोड्यूसर (शूटिंगची रोजची व्यवस्था आणि खर्च सांभाळणारा), लॅब आणि लाइटदादा, तिन्ही कामं एका बाईने केली. नावाच्या पाट्यांत त्या कुठे आहेत?

पुढची गोष्ट दिग्दर्शकांनी वाचावी. सिनेमा चालला, फाळके नाशिकला आले, इथेच पुढचे चित्रपट काढले. मग १९१८ च्या सुमारास मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली. पैसा आला, भागीदार आले, आणि भागीदारांबरोबर खर्चाचे प्रश्न आले. पटेना. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, आणि १९२२ साली त्याच कंपनीत परत आले. पैसा दुसऱ्याचा झाला की निर्णय कोणाचा, हा वाद आजही दर शूटिंगला कुठल्या ना कुठल्या हॉटेलच्या खोलीत रात्री अकराला चालू असतो.

टीव्हीचं गणित मात्र पार निराळं. मालिकेत बहुधा चॅनल मालक असतं आणि निर्माता कंत्राटदार. दर एपिसोडमागे ठरलेली रक्कम मिळते, त्यात बसवायचं. काम रखडलं, एका दिवसाचं दीड दिवस झालं, तर तो अर्धा दिवस निर्मात्याच्या खिशातून. मालिका कितीही गाजली तरी हक्क चॅनलचे. मोठी जोखीम नाही आणि मोठं घबाडही नाही. महिन्याची गाडी मात्र चालते. दिग्दर्शकासाठीही तसंच. अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती वगळता बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो आणि तो जवळपास रोज तयार व्हावा लागतो. सिनेमात दिवसाला दोन-चार मिनिटांचा माल निघाला तरी आम्ही खूश असतो. त्यामुळे मालिकेचा दिग्दर्शक वेगात पक्का होतो, पण गोष्ट कुठे जाणार हे लेखक, क्रिएटिव्ह टीम आणि चॅनल ठरवतात. गुरुवारी टीआरपी आला की मेलेली सासू परत येते. त्यावर हसणं सोपं आहे, पण सलग दोन वर्षं रोज बावीस मिनिटं काढून दाखवणाऱ्या माणसाला मी हसत नाही. पैसे मात्र सावकाश येतात. नव्वद दिवसांची उधारी ही तिथली जुनी रीत. सुरुवातीला हाताशी तीन-चार महिन्यांचं भाडं नसेल तर मुंबई परत पाठवते. हातात येईल त्यातही बहुधा १० टक्के टीडीएस कापलेला असतो, तेव्हा पॅन आणि रिटर्न भरायची सवय पहिल्या वर्षापासून लावलेली बरी.

शिक्षणाचं थोडक्यात. पुण्याची सरकारी चित्रपट संस्था एफटीआयआय, १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली. तिथे दिग्दर्शन आणि पटकथा लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला आधी पदवी लागते आणि मग प्रवेश परीक्षा. बारावीनंतर लगेच तिथे जाता येत नाही, हे त्या मुलीला माहीत नव्हतं. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीचा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. खासगी संस्थांची फी भरण्याआधी एकच विचारावं: विद्यार्थी वर्षाला स्वतःचे किती मिनिटांचे सिनेमे पूर्ण करतात? वर्ग एसी आहे का, ते नंतर.

संस्था नाही मिळाली तर वाट सेटवरून आहे. थर्ड, सेकंड, फर्स्ट, मग कधीतरी स्वतंत्र. प्रॉडक्शनच्या बाजूने असिस्टंट, मॅनेजर, लाइन प्रोड्यूसर, एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. डायरेक्शनच्या दारात गर्दी आहे. हिशेब, करार आणि माणसं सांभाळता येणाऱ्या प्रॉडक्शनवाल्यांची मात्र नेहमी चणचण असते. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून रोज मुंबई करू, असं काहींच्या डोक्यात असतं. सातचा कॉल, बारा तासांची शिफ्ट आणि पंचवटी यांचं जमत नाही.

आणि सगळ्यांनी मुंबईलाच जावं असंही नाही. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करून, प्रकाशयोजना सांभाळून, एन्ट्री चुकलेल्या नटाला विंगेतून ढकलून जे शिकायला मिळतं ते सेटवर रोज उपयोगी पडतं. शिवाय बाहेरून युनिट नाशिकला येतं तेव्हा त्याला इथला माणूस हवा असतो. रामकुंडावर किती वाजता घंटा आणि भोंगे थांबतात, गोदावरीला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की कुठल्या बाजूने जनरेटरची गाडी काढायची, हे मुंबईच्या प्रॉडक्शनला कसं कळणार? ड्रोन उडवायचा तर आधी नकाशा बघावा लागतो. देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानतळ. चुकीच्या जागी ड्रोन गेला तर शूटिंग पोलीस ठाण्यात होतं. २०२७ च्या सिंहस्थात जगभरचे कॅमेरे इथे उतरतील, आणि त्यांच्यापुढे चालायला लाइन प्रोड्यूसर लागतील. ही तयारी आत्ता करायची, आखाडे आल्यावर नाही.

मुलीने शेवटी विचारलं, "मग मी काय करू?" मी म्हटलं, रविवारी गंगापूर रोडला एका सराफाच्या जाहिरातीचं शूट आहे, पहाटे साडेपाचला ये. तिचा चेहरा उजळला. "मी कॅमेऱ्याजवळ असेन?"

"नाही. पाण्याच्या बाटल्या मोजशील. सकाळी किती आल्या, दुपारी किती उरल्या, कोणी किती नेल्या."

ती आली. सहा वाजता आली, अर्धा तास उशिरा. पण संध्याकाळी तिच्या वहीत बाटल्यांच्या हिशेबाखाली आणखी एक ओळ होती, तिला कोणी न सांगता लिहिलेली: सकाळच्या शॉटला मॉडेलच्या डाव्या हातात चार बांगड्या होत्या, जेवणानंतर तीन.